वहिनींचं कोपर

भाऊजींनी माझी बी चोरली याचं मला फारसं दुःख झालं नाही. चुकीची चोरली याचा मात्र आनंद झाला, आणि तो आनंद मी पुढे बरेच महिने पुरवून पुरवून खाल्ला.

भाऊजी म्हणजे माझा धाकटा दीर. तोंडावर मी त्याला अहोजाहो करते, मनात करत नाही. ही गोष्ट मनातली आहे, त्यामुळे इथे तो अरेतुरेच.

मी विद्यापीठात मटेरियल सायन्सच्या प्रयोगशाळेत स्फटिक वाढवते. वाढवते म्हणजे खरोखरच वाढवते. इरिडियम नावाच्या महागड्या धातूची एक मूस असते, त्यात पांढरी भुकटी भरून वितळवायची. तिचा रस झाला की वरून काडेपेटीतल्या काडीएवढी स्फटिकाची एक कांडी अलगद त्याला टेकवायची, आणि ती गोल फिरवत वर ओढत राहायची. इतकी हळू, की बघणाऱ्याला वाटावं बाई उगाच स्टुलावर बसून पगार घेते. रस त्या कांडीला धरून थिजत जातो आणि काही दिवसांनी मनगटाएवढा जाड, लख्ख स्फटिक वर येतो. त्याच्यावर क्ष-किरण पडला की तो चमकतो, म्हणून दवाखान्यातल्या तपासणीच्या यंत्रांना तो लागतो.

ती कांडी म्हणजे बी. पुस्तकात सीड लिहितात, आम्ही बी म्हणतो. तिच्यात कण ज्या रांगेत बसलेले असतात तीच रांग पुढचा सगळा स्फटिक धरतो. बीत खोट असली तर तीही इमानानं खाली उतरते. खाण तशी माती. म्हणून आमच्या धंद्यात चांगली बी वर्षानुवर्षं जपतात, तिच्यातून वाढलेल्या स्फटिकातून लेकी कापतात, लेकींतून नाती. दुसऱ्याची बी वापरली तर पेपरवर त्याचं नाव घालायचं, ही आमच्यातली रीत. ज्याची बी, त्याचं नाव. लिहिलेलं कुठेच नाही, पण मोडत कोणी नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हा भाऊजी शाळेत होता. त्याचा अभ्यास मी घेतला. दर वर्षी शाळा सुरू व्हायच्या आधी त्याच्या वह्यापुस्तकांना लाल कागदाची कव्हरं मी घालून द्यायचे, आणि कोपरे इतके घट्ट दुमडायचे की वर्षभर सुटायचे नाहीत. पुढे तो एमएस्सी करून घरी बसला. मग सासूबाई म्हणाल्या, "घे ना गं त्याला तुझ्या हाताखाली. परक्या पोरांना शिकवतेस, घरच्याला काय जड आहे?"

घेतला. इतर मुलांना मी आधी प्रॅक्टिकलला बसवते, चकत्या कापायला, घासायला, खोट ओळखायला लावते आणि मगच भट्टीजवळ येऊ देते. त्याला घरचा म्हणून थेट भट्टीशी उभा केला. हुशार होता, हात हलका होता, पटापट शिकला. फक्त एक झालं. तो कॉरिडॉरच्या त्या टोकाकडून ओरडायचा, "वहिनी, गॅस सोडू का?" आणि महिन्याभरात शिपायापासून रजिस्ट्रारपर्यंत सगळे मला वहिनी म्हणू लागले. माझी डॉक्टरेट, माझे पेपर, सगळं त्या एका हाकेखाली गेलं. घरात वहिनी म्हणतात त्यात माया असते. प्रयोगशाळेत वहिनी म्हणतात तेव्हा चहा कोण करणार हे ठरलेलं असतं. तो मात्र बघता बघता सर झाला.

तरी मी काही बोलले नाही. घरचं माणूस वर जातंय, जाऊ दे, म्हटलं.

मग वरच्या मजल्यावर नवं स्फटिक केंद्र निघालं. मोठी भट्टी, नवी यंत्रं, प्रमुखाची खुर्ची. त्या खुर्चीसाठी त्यानं भाषण दिलं आणि पडद्यावर एकामागून एक माझे स्फटिक दाखवले. मी पहिल्या रांगेत बसले होते. निवड करणाऱ्यांपैकी एकानं माझ्याकडे बोट करून विचारलं, "या कोण?" भाऊजी गोड हसला आणि म्हणाला, "आमच्या वहिनी. खालची भट्टी सांभाळतात."

लोक हसले. प्रेमानंच हसले. मला कोणी शिवी दिली असती तर मी एखादे वेळी विसरले असते. हे नाही विसरले. मऊ लागलं म्हणून माणसानं कोपरानं खणायचं म्हणजे किती खणायचं?

खुर्ची त्यालाच मिळाली. ज्या आठवड्यात तो सामान घेऊन वर गेला, त्याच आठवड्यात मी माझं लोखंडी कपाट उघडलं आणि त्यातली मखमली डबी रिकामी दिसली.

ही डबी चष्म्याची. माझ्या नवऱ्याचं चष्म्याचं दुकान आहे, तिथलीच, आतून निळी मखमल, वर सोनेरी अक्षरं. ती मी कुलपात ठेवायचे. कुलपाची दुसरी चावी भाऊजीकडे होती, घरचाच म्हणून. त्यानं हिशेब केला असणार की वहिनी जिला मखमलीत निजवतात आणि कुलपात ठेवतात तीच मूळ बी, सगळ्या लेकींची आई.

आणि इथेच त्याचं गाडं फसलं. मूळ बी माझ्या टेबलावर पेन्सिलींच्या पत्र्याच्या डब्यात असते. तिच्या लेकीही तिथेच असतात. रोज लागणारी वस्तू हाताशी नको का? कुलपात असते ती खोटी. मी नवखी असताना माझ्या पहिल्याच स्फटिकाच्या वेळी वीज गेली, भट्टी गचकली, आणि स्फटिकाचे दोन भाग एकमेकांना अगदी किंचित तिरके बसले. त्यातून कापलेली ती बी. चांगलीच्या शेजारी ठेवली तर ब्रह्मदेव आला तरी त्याला ओळखता येणार नाही. चुकून जरी इतरांत मिसळली तरी पुढची सगळी पिढी बाद. म्हणून मखमल, म्हणून कुलूप. साखर ओट्यावर राहते, उंदराचं औषध कपाटात.

मग ती मी फेकून का दिली नव्हती? शिकवायला लागायची म्हणून. तिच्यातून वाढवलेल्या स्फटिकाच्या चकत्या मी प्रॅक्टिकलला मुलांच्या हातात देते. नुसत्या डोळ्यांना त्या निर्मळ दिसतात. मग मी त्यांना नवऱ्याच्या दुकानातल्या पोलराइज्ड गॉगलच्या दोन काचा देते. एक काच दुसरीवर ठेवून फिरवत गेलं की एका जागी प्रकाश येणंच बंद होतं, मिट्ट काळोख. मधे चांगली चकती सरकवली तर काळोख तसाच राहतो. खोट असली तर तेवढीच उजळते. माझ्या त्या चकतीत एक पांढरी रेघ उजळायची, मधेच एकदम वळलेली, हात दुमडून ढुशी मारावी तशी. प्रॅक्टिकलमध्ये पेंगणाऱ्यांना मी जाता जाता कोपर मारते, त्यावरून कुठल्याशा तुकडीनं त्या रेघेला नाव ठेवलं, वहिनींचं कोपर. मला कळलं तेव्हा मी चिडले. मग मीच तसं म्हणायला लागले. आमच्याकडून शिकून गेलेल्या प्रत्येकानं ते कोपर पाहिलंय.

एक भाऊजी सोडून. तो सर झाला, पण प्रॅक्टिकलला कधी फिरकला नाही.

रिकामी डबी हातात घेऊन मी एकटीच हसले. पेन्सिलींच्या डब्यात तेव्हा एक नवी कांडी पडली होती, लाल कागदात गुंडाळलेली. ती मी उचलली, पाहिली, आणि परत तिथेच ठेवली. कपाटाला कुलूप लावलं. कोणाला काही सांगितलं नाही.

वर काम धडाक्यात सुरू झालं. लहान स्फटिक सुरेख आले. लहानात ती खोट त्रास देत नाही, तिथे कणांना एकमेकांवर ताण काढायला जागा नसते. पेपर निघाले, माझं नाव अर्थातच नव्हतं. मी पेढे न मागता अभिनंदन करून आले. त्यानं सगळ्यांना सांगून टाकलं होतं की बी त्याची स्वतःची. बी नसताना सुरुवात करायची एक पद्धत असते, धातूच्या तारेवर रस थिजवायचा, वेडावाकडा गोळा येतो, त्यातून चांगला तुकडा निवडायचा, पुन्हा वाढवायचा, पुन्हा निवडायचा. फार चिकाटीचं काम आहे. भाऊजीला पोळी थंड झालेली चालत नाही इतकीच त्याची चिकाटी.

तो रविवारी आमच्याकडे जेवायला येतो. सासूबाई आमच्याकडेच असतात. अशाच एका रविवारी मी त्याला वाढता वाढता विचारलं, "भाऊजी, बी कुठून हो आणलीत?"

त्यानं ताटातून मान वर केली नाही. "तारेवरून वाढवली, वहिनी. शून्यातून."

"अरे वा," मी म्हटलं. "भात घ्या अजून."

सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "शिकवलंस तू, पण पुढे गेला तो." माझा नवरा नाकावरचा चष्मा वर सरकवत माझ्याकडे बघत राहिला. तो कमी बोलतो. पण दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघायचा त्याचा धंदा आहे, त्याला काहीतरी कळलं असावं.

मी वाट बघत होते ती एका गोष्टीची. त्यानं ताटलीएवढा रुंद स्फटिक वाढवायचं कबूल केलं होतं. मोठा स्फटिक त्या बीतून वाढतो, दिसतोही झकास, पण थंड व्हायला लागला की त्या तिरक्या भागांची ओढाताण सुरू होते आणि तो त्याच रेघेवर तडकतो. मला फक्त स्टुलावर बसून राहायचं होतं. ते मला येतं.

पण सुक्याबरोबर ओलंही जळतं, हे मी धरलं नव्हतं.

एका दुपारी सुतळी खाली आली. सुतळी म्हणजे आमचीच जुनी विद्यार्थिनी, अंगानं बारीक आणि तुटायला अवघड, म्हणून सुतळी. एमएस्सी माझ्याकडे केली आणि पीएचडीला वर भाऊजीकडे गेली. तिच्या हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी होतं. तिनं ते माझ्या टेबलावर उलगडलं. ताटलीएवढा स्फटिक, दोन तुकडे.

"पहिला नाही हा," ती म्हणाली. "आधीचेही असेच गेले. सर म्हणतात, माझ्या हातालाच गुण नाही. समिती येणार आहे बाहेरून, केंद्र कायमचं करायचं की नाही ते ठरवायला. सर त्यांना सांगणार आहेत की विद्यार्थिनीच्या हलगर्जीपणामुळे हे झालं. आणि मग मला काढणार."

"असं म्हणाले?"

"तोंडावर म्हणाले. वहिनी, काल मी दोन गॉगल घेतले आणि तुकडा बघितला." तिनं तडकलेल्या कडेवर बोट ठेवलं. "हे तुमचं कोपर आहे."

मी तुकड्याकडे वळूनही बघितलं नाही. तिनं माझ्याकडे नीट बघितलं, आणि तिला कळलं.

"तुम्हाला ठाऊक होतं."

"हो."

"मग मी इतके दिवस तिथे काय करत होते, वहिनी?"

मला लाज वाटली. पण खोटं कशाला सांगू, लाजेपेक्षा राग मोठा होता, आणि आता त्या रागाला धरायला आणखी एक हात मिळाला. त्यानं माझी बी चोरली, माझं नाव गिळलं, ते मी पुरवून खाल्लं. आता त्याच चोरीचं खापर तो या पोरीच्या डोक्यावर फोडणार होता. तो आपोआप तडकेपर्यंत वाट बघण्यात मजा उरली नाही. त्याला मीच तडकवणार होते, आणि भर उजेडात.

"तुझ्याकडे अखंड राहिलेला एखादा आहे?"

"एक आहे, जरा लहान. सरांनी त्याच्याच चकत्या घासायला सांगितल्यात. समितीतल्या प्रत्येकाला एकेक भेट द्यायची आहे."

"भेट?" मी म्हटलं. "दे ना. चांगल्या चकचकीत घास. आणि क्ष-किरणावर त्या रेघेचा तिरकेपणा मोजून ठेव, वरच्याचाही आणि माझ्या जुन्या चकतीचाही. कोणी विचारलं नाही तर बोलू नकोस."

घरी जाऊन मी ताटं घ्यायच्या आधीच सगळं सांगितलं. लपवून करायचं नव्हतं मला. सासूबाईंनी माझा हात धरला. "सूनबाई, घरातलं घरात मिटव. चव्हाट्यावर नको. तो लहान आहे गं."

"आई, त्याच्या डोक्याला टक्कल पडायला आलंय."

"माझ्यासाठी तरी."

"तुमच्यासाठीच मी त्याला हाताखाली घेतला होता," मी म्हटलं. त्यांनी हात सोडला. नवरा खाली मान घालून जेवला आणि दुकानात गेला.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले. गॉगलच्या काचेवर चढवतात ती पोलराइज्ड फिल्म मला हवी होती, जरा मोठी, सभागृहातल्या जुन्या ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या काचेवर ठेवता येईल अशी. माझे प्रॅक्टिकलचे तुकडे चरे पडून आंधळे झाले होते. नवऱ्यानं फिल्मची गुंडाळी काढली, कात्री घेतली आणि थांबला.

"माझा भाऊ आहे तो."

"अहो, माहीत आहे मला."

"त्या दिवशी भाषणाला मीपण होतो. मागे उभा होतो. भट्टी सांभाळतात म्हणाला ना." तो कात्रीकडे बघत होता. "मी तेव्हाच काहीतरी बोलायला हवं होतं."

मला तो तिथे होता हेच ठाऊक नव्हतं. त्यानं दोन चौकोन कापले, कडा सरळ आहेत ना ते उजेडात धरून पाहिलं, मऊ फडक्यानं पुसले आणि मधे कागद घालून पाकिटात ठेवले. "बोटं लावू नकोस," तो म्हणाला. "ठसे पडद्यावर मोठे दिसतात."

समिती आली त्या दिवशी सभागृह भरलं होतं. आमचे विद्यार्थी, इतर विभागांतले प्राध्यापक, त्यातले कितीतरी माझ्या हाताखालून गेलेले. समितीच्या अध्यक्ष एक उंच, मोजकं बोलणाऱ्या बाई होत्या. भाऊजीनं फर्मास भाषण केलं. बोलण्यात तो पहिल्यापासून पटाईत. चकत्या वाटल्या. अध्यक्षबाईंनी त्यांची खिडकीकडे धरून पाहिली आणि खूश झाल्या. शेवटी तो म्हणाला, "बी आमची स्वतःची. तारेवरून, शून्यातून उभी केलेली. मोठ्या स्फटिकांत थोडं नुकसान झालं, पण तो विद्यार्थ्यांच्या हाताळणीचा प्रश्न होता. तो आम्ही सोडवतोय." दाराजवळ बसलेली सुतळी मान खाली घालून बोटांची नखं बघत होती.

प्रश्न विचारायची वेळ झाली. मी हात वर केला.

"या, वहिनी," भाऊजी माइकवरून म्हणाला. "वहिनींचा प्रश्न म्हणजे आता माझी तोंडी परीक्षा." लोक हसले.

"बी कोणाची, सर?" मी विचारलं. मी त्याला आयुष्यात पहिल्यांदा सर म्हटलं. त्याचं हसू जरासं अडखळलं.

"सांगितलं ना. स्वतःची."

"कोणाकडून घेतलेली नाही?"

"कोणाकडूनही नाही, वहिनी."

अध्यक्षबाईंनी मान हलवून ते लिहून घेतलं. हेच मला हवं होतं. मी म्हटलं, "मग यातली एक चकती पडद्यावर दाखवू का? सगळ्यांनाच नीट बघता येईल."

त्याला त्यात काय वावगं दिसणार? "अवश्य," तो म्हणाला, आणि स्वतःच्या हातानं मला चकती दिली.

मी प्रोजेक्टरच्या काचेवर फिल्मचा एक चौकोन ठेवला, त्यावर चकती, तिच्यावर दुसरा चौकोन, आणि वरचा हळूहळू फिरवू लागले. घाई केली नाही. पडदा मावळत गेला, राखाडी झाला, काळा झाला. आणि त्या काळ्यात ती रेघ उजळली. सरळ आली, मधे एकदम वळली.

मग तिसऱ्या रांगेत एक टकलू प्राध्यापक, एके काळी माझ्या प्रॅक्टिकलला हमखास पेंगणारे, मोठ्यानं बोलून गेले, "अरे! हे तर वहिनींचं कोपर!"

आणि सभागृह उसळलं. मागच्या रांगांतून हसू आलं, मधल्या रांगांत लोक एकमेकांना ढोसू लागले, कोणीतरी हात दुमडून दाखवलं. समिती सोडली तर तिथल्या जवळजवळ प्रत्येकाला पडद्यावर काय आहे ते माहीत होतं. फक्त भाऊजीला माहीत नव्हतं. तो पडद्याकडे बघत होता, मग लोकांकडे, मग परत पडद्याकडे. सगळे कशाला हसतायत हे त्याला कळेना. ते त्याचं तोंड मी डोळे भरून पाहिलं.

"हे काय चाललंय?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

मी पर्समधून माझी प्रॅक्टिकलची जुनी चकती काढली आणि त्याच्या चकतीशेजारी ठेवली. पडद्यावर दोन कोपरं शेजारी शेजारी उभी राहिली. मग मी सांगितलं, हळू आवाजात, शिव्या न देता. खोटी बी कुठली, कुलूप का, डबी रिकामी कधी झाली.

"अशी रेघ कुठल्याही स्फटिकात येऊ शकते," भाऊजी म्हणाला.

"रेघ येईल, सर. गुडघा कोणाचाही फुटतो. पण दोन माणसांच्या गुडघ्यावर त्याच जागी, त्याच वळणाची खूण नसते."

अध्यक्षबाईंनी विचारलं, "तिरकेपणा मोजलाय का कोणी?"

दाराजवळून सुतळी उठली. "मी मोजलाय, मॅडम. दोन्हींचा सारखाच आहे." मग ती जरा मोठ्यानं म्हणाली, "आणि सगळे स्फटिक याच रेघेवर तडकलेत. माझ्या हातामुळे नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "ज्याची बी, त्याचं नाव," त्या भाऊजीला म्हणाल्या. "तुमच्याकडे ही रीत नाही का?" त्यानं माइक बंद केला. त्या माझ्याकडे वळल्या. "डॉक्टर, तुम्ही जरा पुढे येऊन बसता का?"

मी पुढे जाऊन बसले. दिवे लागले.

खुर्ची गेली. चौकशी बसली, पेपर मागे घ्यायला लागले. सुतळी तिच्या कागदांसकट माझ्याकडे आली. घरी सासूबाई माझ्याशी बोलेनाशा झाल्या, अजूनही बोलत नाहीत. त्यांचं पान मीच वाढते, त्या मुकाट्यानं जेवतात. याची किंमत मोजायला लागणार हे मला ठाऊक होतं.

भाऊजी खाली आला तो एका सकाळी. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. मी मूस घासत होते, सुतळी तराजूवर भुकटी मापत होती. तो लहानपणी निकाल लागल्यावर दारात उभा राहायचा तसाच दारात उभा राहिला.

"तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, वहिनी?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि तुम्ही मला वाढवू दिलंत."

"मी भट्टी सांभाळत होते, भाऊजी."

त्यानं खाली बघितलं. मग म्हणाला, "मागितली असती तर दिली असतीत?"

मी हात पुसले. पेन्सिलींचा डबा ओढला आणि त्यातली लाल कागदाची पुडी काढून टेबलावर ठेवली. चारी कोपरे घट्ट दुमडलेले.

"तुमचं नाव खुर्चीच्या यादीत आलं त्या दिवशी कापली ही," मी म्हटलं. "मूळ बीची लेक. नात नव्हे. तुम्ही वर जाल तेव्हा द्यायची म्हणून. सामान हलवून झालं की त्या संध्याकाळी आणून देणार होते, पण तुम्ही आधीच कपाट उघडून मोकळे झालात."

त्यानं तो कागद ओळखला. मी त्याच्याकडेच बघत होते. आधी कपाळ हललं, मग हनुवटी. हात पुढे आला, अगदी आपोआप, पुस्तकं घ्यायला यायचा तसा.

मी पुडी उलगडली. कांडी चिमटीत धरली, उजेडात एकदा पाहिली आणि सुतळीला हाक मारली. ती आली. तिच्या तळहातावर मी ती ठेवली.

"ही घे. आज हिलाच लावू. पेपरवर दोन नावं, तुझं आणि माझं."

भाऊजीचा हात तसाच पुढे होता. त्यात मी रिकामा लाल कागद ठेवला.

त्यानं तो नीट घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला. मग वळला, आणि दारातून म्हणाला, "येतो, वहिनी."

"इथे मॅडम म्हणायचं," मी म्हटलं, आणि मूस घासायला घेतली.